सोडून गेलेल्यांची यादी

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खोकला कसा आहे? वहिनी म्हणते कमी आहे, म्हणजे तूच तिला तसं सांगायला लावलं असणार.

माझी पहिली नोकरी तुझ्याच कारखान्यात. कुठल्या विभागात किती जण आजारी पडतात, ते मोजायचं. भुकटी विभागातल्या धुळीनं काही होत नाही, असा अहवाल मी दिला. पण मोजले ते कामावर हजर असलेलेच. आजारी पडून नोकरी सोडलेले माझ्या यादीत नव्हतेच. पुढे आरोग्य खात्यात असताना चूक ध्यानात आली, तशी लेखी मांडली. साहेब म्हणाले, त्या अहवालाखाली सही तुमचीच आहे की! फाईल तिथेच थांबली.

आता विद्यापीठात मला कुणी अडवत नाही, तेच पुन्हा मोजणार आहे. सोडून गेलेल्यांचे पत्ते तू मिळवशील का?

तब्येत सांभाळ, आणि माझ्यावर माया असू दे.
तुझी चिमी

३ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

एक्केचाळीस घरांत जाऊन आलो. सव्वीस जण हयात नाहीत. एकीनं दारातच विचारलं, इतकी वर्षं कुठे होतात? दुसरीनं काही न विचारता चहा दिला, ते जास्त जड गेलं.

तुला कधी सांगणार नव्हतो. तुझा अहवाल आमच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर लावला होता. मला बदली मिळत होती. बहिणीनं लिहिलंय म्हटल्यावर मी ती नाकारली आणि आणखी नऊ वर्षं भुकटीतच राहिलो. माझंही नाव यादीत घाल. आधीचा अहवाल चुकला होता, हे स्पष्ट लिही. रडत लिहू नकोस, आधीच तुझं अक्षर दिव्य.

तुझ्या पाठीशी आहे.
दादा

२१ सप्टेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्ही परत गेल्यावर मी ह्यांच्या मृत्यूचा दाखला आणायला गेले. कारण लिहिलं होतं, हृदय बंद पडलं. मी म्हटलं, ते तर सगळ्यांचंच पडतं. ह्यांचं कशानं पडलं ते लिहा. कारकून म्हणाला, आता काय फरक पडतो. तीन दिवस कचेरीतल्या बाकावर बसून राहिले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी फुफ्फुसातली धूळ लिहिली. नक्कल सोबत आहे.

तुमच्या नव्या अहवालानंतर भुकटी विभागाला कुलूप लागलं, हे काल कळलं. ह्यांना सांगायला वळले, तर खाट रिकामी.

बदलीचं मला ह्यांनी शेवटच्या आठवड्यात सांगितलं. वन्सं, मला तुमचा राग येतो. तो जाईल की नाही, ठाऊक नाही. तरी येत जा. ह्यांच्याबद्दल बोलायला मला दुसरं कुणी नाही.

वाट पाहते.
तुमची वहिनी