तुझी पाण्यात पडण्याची फिल्म गेली, त्याबद्दल

चिरंजीव चिमणीस,

दादाचे भरघोस आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, आईचे गुडघे सोडून. तुझी तब्येत कशी आहे? (दिवसभर पाण्यात उभी राहून लोकांच्या पोरांना पोहायला शिकवतेस, म्हणजे सर्दी असणारच. कान कोरडे करत जा.) फोन करावा तर "दादा, पाण्यात आहे, नंतर बोलते" एवढंच ऐकू येतं, आणि ते 'नंतर' काही केल्या उगवत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र पाण्यात वाचता येत नाही, तेव्हा निदान वाचण्यापुरती तरी काठावर येशील.

आधी आनंदाची बातमी. ती फिल्म गेली. हो, तीच. तलावावरच्या धक्क्यावर उभी राहून तू आम्हा सगळ्यांना होडीत कसं उतरावं याचं व्याख्यान देते आहेस, एक पाय होडीत, एक धक्क्यावर, होडी हळूहळू निघाली आहे, तुझे पाय लांब लांब जात आहेत, पण व्याख्यान काही थांबत नाही. आणि मग तू नाहीस, फक्त तुझी गवती टोपी तरंगते आहे. मागच्या खेपेला तुझ्या वहिनीने ती तुमच्या पोहण्याच्या तलावाच्या मोठ्या मॅडमना कौतुकाने दाखवली, तेव्हा तू दारात बॅग उचलून म्हणाली होतीस, "ही फिल्म या घरात असेपर्यंत मी इथे पाऊल टाकणार नाही." त्यानंतर खरंच टाकलं नाहीस. (हट्ट आपल्या घराण्यातच आहे. मी तेवढा अपवाद.) आता तुझी अट पुरी झाली आहे. कशी झाली, ते सांगतो.

तुझ्या भाच्याने टीव्हीखाली एक काळं खोकं बसवलं आहे, पावाच्या डब्याएवढं. त्याला सर्व्हर म्हणायचं. घरातले सगळे सिनेमे, गाणी, फोटो त्यात राहतात आणि कोणीही कुठल्याही खोलीत बसून बघावे. प्रत्येकाला आपापला फोल्डर, शिवाय एक सामाईक फोल्डर, त्याचं नाव 'सगळ्यांचं'. आता 'सगळ्यांचं' म्हटल्यावर त्याची जी अवस्था व्हायची तीच झाली. तुझ्या वहिनीने त्यात विणकामाचे तासन् तास टाकले, भाच्याने उघडलेल्या लिफ्टच्या पोटातले फोटो टाकले (तो लिफ्टदुरुस्तीला जातो ना, तिथले), आणि एक दिवस खोक्याने जागा संपल्याचं जाहीर केलं. भाचा फिरतीवर होता. मी घरात होतो. पुढचं तू ओळखलंच असशील.

टायरच्या गोदामात माझी हयात गेली आहे, जागा संपली म्हणून मी घाबरेन होय! एक माल, एक जागा, या नियमावर मी गोदाम चालवलं. तर मी खोकं तपासायला घेतलं आणि कपाळाला हातच लावला. आत दोन डिस्क, आणि दोन्हींत अगदी तोच माल! तेच सिनेमे, तेच फोटो, तीच तू, तीच टोपी. म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला गोदाम कळत नाही, त्याचा काय दोष? मी शांतपणे वाटणी केली. सिनेमे पहिल्या डिस्कवर ठेवले, दुसरीवरून काढले. घरच्या फिल्म दुसरीवर ठेवल्या, पहिलीवरून काढल्या. खोकं कसं मोकळं झालं. मी चहा मागितला, आणि (हे महत्त्वाचं) तुझ्या वहिनीने तो कुरकुर न करता दिला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर दुसऱ्या डिस्कवर सगळे सिनेमे परत हजर! पुन्हा काढले. पुन्हा हजर. मी तुझ्या वहिनीवर संशय घेतला, तिने माझ्या चष्म्यावर घेतला, आणि त्या दिवशी चहा मिळाला नाही. अखेर भाच्याला फोन लावला. तो कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मधे लटकलेला होता, तरी त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, दुसरी डिस्क पहिलीची नक्कल करते. पहिलीत जे असेल ते रोज आणून ठेवते." मी म्हटलं, "आणि पहिलीतून जे काढलं?" मग तो म्हणाला, "तेही मनापासून काढते." इतका आज्ञाधारक नोकर मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

म्हणजे घरच्या फिल्म दोन्हीकडून साफ. मला वाटलं, तू तरी खूश होशील. पण आईचं काय ते तुला माहीत नाही. जेवण झालं की ती खुर्ची पुढे ओढते, रिमोट हातात घेते आणि तुझं पडणं बघते. रोज. तू पडायच्या आधीच हसू लागते, चष्मा काढून डोळे पुसते, "मेलीचं तोंड बघा, बुडेपर्यंत बंद नाही" म्हणते, आणि मग झोपायला जाते. त्या संध्याकाळी तिने बटण दाबलं आणि पडदा कोरा. मी सगळं समजावून सांगितलं, डिस्कचा नकाशाही काढून दाखवला. तिने नकाशाची घडी घालून हलणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवली. वाटलं, आता बोलणी खायची. पण ती म्हणाली, "जाऊ दे फिल्म. तिलाच बोलव." एवढंच. तेव्हापासून जेवण झालं की ती खुर्ची टीव्हीकडे नाही, दाराकडे ओढते. चिमणे, मला ते बघवत नाही.

तेव्हा अट पुरी झाली आहे, बॅग भर आणि ये. मॅडमना सांग, पोरं चार दिवस बुडणार नाहीत.

तुझा,
दादा

ता.क. येताना गवती टोपी आण, आणि कपड्यांचा जादा जोड. तलावावर होड्या अजून मिळतात, मी चौकशी करून आलो. कॅमेरा चार्ज करून ठेवला आहे. पडायची सक्ती नाही. फक्त होडीत कसं उतरायचं ते आईला एकदा समजावून सांग, पुढचं आपोआप होईल.

ता.क. २ पत्र पाकिटात घालताना भाचा फिरतीवरून आला. त्या खोक्यात एक कचऱ्याची टोपली असते म्हणे, आणि काढलेलं सगळं काही दिवस तिथे पडून राहतं. फिल्म सापडली. टोपीसकट. मी ती वीजबिलांच्या फोल्डरमध्ये लपवली आहे, तिथे या घरात कोणी जात नाही. आईला सांगितलेलं नाही. कळलं तर ती पुन्हा फिल्मवरच भागवून घेईल.