सखारामच्या बाटल्या

खैतान, कुवेत
१२ जून १९९८

तीर्थरूप आईस सुदेशचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

माझ्या खोलीतला सखाराम, आपल्या ठकूकाकीचा, या महिनाअखेरीस घरी येईल. डाव्या डोळ्यावर पट्टी असेल, घाबरू नकोस. इथे दारूबंदी, म्हणून तो खोलीवरच बिअर करायचा. फेस यावा म्हणून प्रत्येक बाटलीत थोडी साखर घालून बूच लावायचा. या वेळी साखर जास्त पडली, त्यात हा उन्हाळा. बाटली हातातच फुटली.

"इस्पितळात नको रे, पकडतील," म्हणाला. तरी मी नेलं. डोळा गेलाच. पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं, आता परत पाठवताहेत.

मी काचा झाडल्या, उरलेल्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि कामावर गेलो. मुकादमाने विचारलं, "क्या हुआ?" म्हटलं, काही नाही. खरंच काही वाटत नव्हतं. अजून वाटत नाही.

काकीला कामावर अपघात झाला असंच सांग. सखाराम मला शिव्या देईल, देऊ दे. फक्त त्याला विचारून कळव, दुसऱ्या डोळ्याने नीट दिसतं ना?

तुझा,
सुदेश