केबिनमधल्या खुर्चीची तयारी

सोमवार, ४
विमा कंपनीचा फोन आला. कस्टमर रिलेशन्स मॅनेजरच्या जागेसाठी पुढच्या सोमवारी मुलाखत. मला आश्चर्य वाटलं नाही. इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात बसून लोकांच्या चष्म्यांच्या दांड्या सरळ करतोय, म्हणजे कस्टमर झाले, रिलेशन्सही झाले. उरलं मॅनेजर. ते रक्तातच आहे.
बायको म्हणाली, आधी मिळू तर द्या. ती नेहमी मागे ओढणारंच बोलते.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. इंग्रजी पेपर वाचणे. चहा बंद, आवाज सुधारण्यासाठी.

मंगळवार, ५. सकाळी ८.४०
गजर मीच बंद केला म्हणे. आठवत नाही. मोठ्या पदावरच्या माणसाला झोप पूर्ण लागते. चहा अर्धाच घेतला. नंतर उरलेला अर्धा.

बुधवार, ६
मुलीने सराव घेतला. ती कॉलेजात आहे, तिला यातलं कळतं. पहिला प्रश्न, स्वतःबद्दल सांगा. मी जन्मापासून सुरुवात केली. शाळेपर्यंत पोचतो तोवर ती मोबाइलमध्ये शिरली होती. म्हणाली, बाबा, हे दोन मिनिटांत आटपायचं असतं. एवढं आयुष्य दोन मिनिटांत बसवायचं तर काहीतरी गाळावं लागणार. दहावीचा निकाल गाळला.
पुढचा प्रश्न, तुमच्यातला दोष कोणता? पुष्कळ विचार केला. सापडेना. आतून बायको म्हणाली, मी सांगू का? उठून दार लावून घेतलं.

गुरुवार, ७
मेव्हण्याचा कोट आणला. तो अंगाने काटकुळा. बटण लावलं की श्वास घेता येत नाही, श्वास घेतला की बटण राहत नाही. उघडाच ठेवीन. तसंही हल्ली तेच चालतं. मेव्हण्याने विचारलं, दाजी, परत कधी? माणसाची नजरच छोटी.

शुक्रवार, ८
राजीनामा दिला! मोबाइलवरच्या एका व्हिडिओत सांगितलंय, परतीचा रस्ता ठेवायचा नाही. मालकांनी विचारलं, दुसरीकडे पक्कं झालं का? मी नुसता हसलो. मालक बरं म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. थांबवतील असं वाटलं होतं. मी थांबलो नसतोच, पण थांबवायला त्यांचं काय जात होतं?
घरी सांगितलं. मुलीने फी कधी भरायची ते विचारलं. बायको ताट आपटून वाढून आत गेली. जरा भीती वाटली. मुलाखतीची नाही, तिची.

रविवार, १०
सकाळी अभ्यास करणार होतो. पेपर उघडला, पण बातम्याच वाईट. दुपारी डोळा लागला. संध्याकाळी कोटाला इस्त्री केली. तीही तयारीच.

सोमवार, ११. दुपार
टेबलापलीकडे एकट्या बाई. त्या म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. तोंड उघडलं आणि दिसलं, बाईंचा चष्मा डावीकडे उतरलाय. दांडी ढिली, नाकावर लाल वळ. मला राहवेना. म्हणालो, मॅडम, जरा काढा बघू. त्यांनी काढला. या बाबतीत मला कुणीच नाही म्हणत नाही. उलटसुलट करून पाहिला, स्क्रू बदलावा लागेल म्हणालो, खिशात टाकला, उद्या संध्याकाळी मिळेल असं सांगितलं आणि उठून बाहेर आलो.
बसस्टॉपवर लक्षात आलं, मुलाखत राहिलीच.
परत जाणार होतो. पण आता बाईंना माझा बायोडेटा वाचता येणार नाही. त्यात दहावीचा निकाल आहे. एकूण माझ्या पथ्यावरच पडलं.

मंगळवार, १२. संध्याकाळ
माझ्याच जुन्या चष्म्याचा स्क्रू काढून बाईंचा दुरुस्त केला, नाकावर टेकणारी पॅड्सही बसवली. नेऊन दिला. बाईंनी घातला, मान हलवून पाहिली, खूश झाल्या. मी खुर्ची ओढून बसणार, तेवढ्यात म्हणाल्या, ती जागा कालच भरली. माझ्यानंतर जो आला त्याला घेतला. तो त्यांना धड दिसलासुद्धा नसणार!
घरी काय सांगायचं तेच सुचेना.
बाई म्हणाल्या, काम मात्र सुरेख केलंत. आमच्या ऑफिसातल्या सगळ्या चष्मेवाल्यांना तुमच्याकडेच पाठवते, दुकानाचा पत्ता द्या.
मालकांच्या दुकानाचा दिला. दुसरा कुठला देणार?