पाठीवरचं कॅलामाईन

प्रिय सुमन,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन, असं कधी वाटलं नव्हतं. पण मागच्या आठवड्यात मला नागीण झाली आणि सांगायला घरात कुणी नाही. पुण्याला मुलीला कळवलं तर ती रजा टाकून धावत येईल. म्हणून तुलाच सांगतो.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वरून कॅलामाईन लावायला सांगितलं. कॅलामाईन! दवाखान्याच्या औषधखोलीत तू वर्षानुवर्षं तेच तर घोटलंस. एकदा मी विचारलं होतं, हे गुलाबी कशानं होतं? तू हसलीस. "झिंक ऑक्साइड पांढरंच असते जी. त्यात चिमूटभर लोखंडाचा ऑक्साइड घातला का हा रंग येते. काम करते जस्त, अन् लोकायले याद राहते रंग!"

फोड नेमके पाठीच्या मधोमध आले. हात वरून पुरेना, खालून पुरेना. पळीच्या दांड्याला कापूस गुंडाळून पाहिला. निम्मं औषध भिंतीवर, निम्मं बनियनवर. आरशासमोर उभा राहून रडलो वं. आग होत होती म्हणून नाही.

तुझे शेवटचे दिवस आठवले. लिव्हर गेलेलं, अंगभर खाज. "जरा पाठीले लावून द्या ना जी," तू म्हणायचीस. चार दिवस लावलं. पाचव्या दिवशी मी काय म्हणालो? "साऱ्या चादरी गुलाबी होऊन राहिल्या, सुमन! नर्सबाई आली का तिच्याकडून लावून घे."

तू "बरं" म्हणालीस. पुन्हा मागितलं नाहीस. काहून नाही मागितलंस? एकदा चिडायचं तरी होतं माझ्यावर!

परवा शेवटी खालच्या काळेंचं दार वाजवलं. हो, तेच. पाण्याच्या टाकीवरून भांडण झाल्यापासून आपण ज्यांच्याशी बोलत नव्हतो, ते. हातात बाटली, शर्टाची बटणं उघडी. बाटली पुढे केली.

"नागीण का?" त्यांनीच विचारलं.

"हो. पाठीले हात पुरत नाही."

"मंग इतके दिवस काहून थांबले गा भाऊ? बसा. मले लहानपणीच कांजण्या होऊन गेल्या, मले हे लागत नाही, भिऊ नका."

बोटांनी हळूहळू लावलं त्यांनी. गार वाटलं. चौदा महिन्यांनी कुणाचा तरी हात माझ्या पाठीला लागला, सुमन.

तेही आता एकटेच आहेत. मला माहीतही नव्हतं. काल लावता लावता म्हणाले, "सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय. मंग डोळ्यात थेंब टाकाले कोणी नाही. तुम्ही टाकून द्याल का?"

जाईन मी. दिवसातून जितक्यांदा टाकायचे असतील तितक्यांदा, महिनाभर. थेंब टाकून लगेच उठणार नाही. त्यांना बोलायचं असेल तोवर बसेन. तुझ्याजवळ बसायला हवं होतं, तसा.

तुझा,
वसंत