भागूबाईच्या जिभेतल्या नऊ सुया

५ नोव्हेंबर १९५६, सोमवार
आज नोकरीवर हजर झालो. चिंचवडच्या माळावरचा हा धर्मादाय दवाखाना मला फार आवडला. खोली कोरडी आहे, खिडकीतून नदीकाठच्या बाभळी दिसतात, जेवणात दोन भाज्या. इंग्रजी तिसरीत शाळा सुटलेल्याला याहून काय हवे? काम रेडियमच्या खोलीचे. (हा शब्द डॉक्टरांकडून लिहून घेतला.) कर्करोगाच्या गाठीत रेडियमच्या बारीक सुया आठवडाभर टोचून ठेवतात. सुईच्या नेढ्यात रेशमी दोरा असतो. सुईला बोट लावायचे नाही, लांब चिमट्याने उचलून शिशाच्या पेटीत ठेवायची. रोग्याच्या अंगावरच्या सुया सकाळ-संध्याकाळ मोजायच्या. मोजणे मला जमते.

२२ नोव्हेंबर, गुरुवार
विलायतेहून निघालेल्या नव्या सुया अडकल्या. सुवेझला लढाई झाली, कालव्यात बोटी बुडवल्या, आपले जहाज आफ्रिकेला वळसा घालून येणार. इथे सुया नऊच, म्हणजे एका वेळी एकच रोगी. व्हरांड्यात सतरा जण बसून आहेत. डॉक्टर समजावतात की लढाई फार लांब आहे. निघोज्याचे कोंडाजी बायकोला घेऊन आले आहेत, ते म्हणाले, "लांब हाय, तर हितं कशी पोचली?"

९ जानेवारी १९५७, बुधवार
कोंडाजींची बायको गवराबाई, तिच्या छातीत गाठ. तिची धाकटी जाऊ भागूबाई, तिच्या जिभेला मिश्रीने व्रण. डॉक्टरांनी भागूबाईला आधी घेतले, ती वाचण्यासारखी आहे म्हणून. गवराबाईने जहाजाची वाट पाहायची. जावेच्या गालावर चिकटवलेले नऊ दोरे पाहून ती दारातून म्हणाली, "मिशा फुटल्या गं भागे! आता भावजींनी नेसावं लुगडं." भागूबाईला हसता येईना. डोळ्यांतून पाणी आले.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत
एरवी भेट लांबूनच. आज डॉक्टरांनी सूट दिली. जावांनी एकमेकींना वाणाचे सुगड दिले. दोघी रडू लागल्या म्हणून नर्स यशोदाबाईंनी तोंड फिरवले. मीही फिरवले.
संध्याकाळी मोजले. नऊ.

१६ जानेवारी, बुधवार
सुया काढल्या. आठ. नववा दोरा गालावर होता, त्याच्या टोकाला काही नव्हते. मी दोरे मोजत होतो. दोन दिवस मी दोरे मोजले.
गादी उसवली, पिकदाणी गाळली. मग भागूबाईनेच सांगितले. सुई स्वतः ओढून दोऱ्यापासून तोडली, तोंड रक्ताने भरले ते गिळले, आणि ती सुगडात हरभऱ्याखाली घालून थोरलीला दिली. "एक तीळ सात जणांत वाटून खात्यात. मी नवातली एक दिली, काय पाप केलं?"
डॉक्टर खाली बसले. म्हणाले, अंगावर राहिली तर कातडे जळेल. पण फुटून आतली भुकटी पोटात गेली तर हाडांत जाऊन बसते, कोणालाच काढता येत नाही.

१७ जानेवारी, गुरुवार. निघोजे
डॉक्टर गाडी आणायला चाकणला गेले. मला इथेच बसून सगळे लिहून घ्यायला सांगितले आहे.
संक्रांतीलाच गावी परतलेल्या गवराबाईने सुई एक दिवस चोळीत बांधली. गाठ हलकी वाटली म्हणे. मग शेजारच्या छबूबाईला दिली, तिचा नातू खोकतो म्हणून.
छबूबाईकडे गेलो. तिने सुई बाळगुटीसारखी सहाणेवर उगाळून पाहिली. उगाळेना, म्हणून ठेचली. सहाणेवर नुसती नळी पडली आहे, चपटी. आत काही नाही. भुकटी मधात —
सगळ्या आळीला चाटवली. एकट्या नातवाला कशी द्यायची, म्हणते —

चार वाजले
ओसरीवर बाया लेकरे घेऊन बसल्या आहेत. कोणी घाबरलेले नाही. मी सोबत आणलेल्या शिशाच्या पेटीत अजून औषध हाय का, विचारतात. मी त्यांना सांगायला —
नाही. आधी नावे.
सोनबा, दोन वर्षे. छबूबाईचा नातू. भैरू, तीन. कौशल्या, दहा महिने. चिमाजी, दात येताहेत. हसतो —
पाचवी मुलगी. अकरा दिवसांची. हिला बोटाच्या टोकाएवढेच दिले, असे आई सांगते. नाव विचारले. बारसे उद्या आहे. आई लाजून म्हणते, दवाखान्यातल्या माणसाच्या तोंडून निघालेलं नाव आयुष्य देईल, तुमीच —