कागदाखालचा राक्षस

दादा,

पाथरीची मोटार लवकर सुटते, म्हणून तू कचेरीतून यायच्या आतच निघते आहे. भाकरी शिंकाळ्यात आहेत, वरण तेवढं गरम करून घे. शकू शेजारी अंबाबाईंकडे खेळते आहे.

अण्णांच्या जुन्या जादूच्या कादंबरीतल्या राक्षसाच्या चित्रावर तू खळीने कोरा कागद चिकटवला होतास. तो मी ओल्या फडक्याने काढला. रागावू नकोस. तुझ्या लेकीला भीती चित्राची नव्हती, कागदाची होती. "आत्या, खाली तो काय करायलाय?" असं विचारून ती मला झोपू देत नव्हती. काल तिला मांडीवर घेऊन चित्र दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "हा तर लय म्हातारा हाय, दातच न्हाईत याला!" आणि गाढ झोपली.

त्याच कादंबरीच्या तू आणलेल्या नव्या रंगीत प्रतीतला राक्षस मला मुंडावळ्या बांधायला निघाल्यासारखा गुलाबी दिसतो. तुला तसलीच चित्रं आवडतात, हे ठाऊक आहे. दोन्ही पुस्तकं फळीवर राहू देत. कोणतं उघडायचं ते तिचं ती ठरवील.

आणखी एक. वहिनी गेल्यावर तू ट्रंकेत ठेवलेला तिचा फोटो मी काढून भिंतीवर लावला आहे. "आई कशी हसायची?" असं शकू सकाळपासून विचारते आहे. ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी तिला जवळ घे आणि तूच सांग.

विमला