मुळ्ळिक्काडचा पाणवठा

२७ एप्रिल १९९५

आलो बाबा एकदाचा! ओरत्तनाडूहून सुटलेली बस शेवटच्या थांब्यावर आली तेव्हा तिच्यातून उतरणारा मी एकटाच. पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंना काटेरी रान, वाळू आणि मधूनमधून ताड. आमच्या हिरव्यागार भातखाचरांपासून इतक्या जवळ मुळ्ळिक्काडसारखं रखरखीत अभयारण्य आहे, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. रानाच्या कडेला मद्रासच्या एका कंपनीने केबिनी बांधल्या आहेत. ताडाच्या फळ्यांच्या भिंती, वर नारळाच्या झावळ्या, दाराशी कंदील. गावचा माणूस असल्या घरातून सुटायला जन्मभर धडपडतो आणि मद्रासचे साहेब असल्याच घरात राहायला मारुतीतून येतात. मजाच आहे. पण मला काय, मी आता मॅनेजर! खताच्या दुकानात पोती मोजणारा वरुणराव संपला.

बायको विनुता हिच्या शाळेतलं निकालाचं काम आटोपलं की तीही येईल. तोवर ही वही. लहानपणी अप्पांनी छडी घेऊन देवनागरी शिकवली तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना शिव्या देत असे. आज त्याचा फायदा कळला. या तमिळ मुलखात हे अक्षर कुणालाच वाचता येत नाही, मनात येईल ते लिहायला मी मोकळा.

१ मे

पाहुण्यांची एकच तक्रार: हरणं कुठे आहेत? फलकावर हरीण रंगवलंय, मग ते दिसायला नको? सांबशिव नावाचा इथला रखवालदार मला रानात आत घेऊन गेला. बराच चाललो. तिथे सिमेंटचा हौद आहे. आमच्याच बोअरवेलचं पाणी नळाने तिथवर जातं. काळवीट, कोल्हे, मोर, सगळे तिथे पितात. हौदाजवळ एक खोपटं आहे. त्यात कामाक्षी पाटी (इथे आजीला पाटी म्हणतात) आणि तिच्या शेळ्या. शेजारी कोळंबीची तळी झाल्यापासून तिची विहीर खारट झाली, म्हणून तीही याच हौदावर. म्हातारी प्रेमळ आहे. मी न मागता तिने ताडगोळे सोलून दिले आणि मी खाताना शेजारी बसून राहिली.

परत येताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केबिनींसमोर नवा हौद बांधून तयारच आहे. रानातला नळ बंद करायचा आणि इथला भरायचा. तहानलेली जनावरं आपोआप पाहुण्यांच्या खिडकीसमोर येतील! सांबशिवाचं तोंड उतरलं. पाटीचं काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तिनेही इथे यावं, मी काय तिला अडवणार आहे?

व्हॉल्व्ह संध्याकाळी माझ्याच हाताने फिरवला.

५ मे

जिंकलो! कालपासून अग्निनक्षत्र सुरू झालंय, पाय भाजतात इतकं ऊन आहे, आणि आज भर सकाळी काळविटांचा अख्खा कळप हौदावर. एका बाईंनी आनंदाने माझा हात धरला. मालकांनी मद्रासहून फोन केला. असा माणूस आपल्याला आधीच का मिळाला नाही, असं म्हणाले. मी नम्रपणे हसलो, पण फोन ठेवल्यावर खोलीत एकट्याने चक्क दोन उड्या मारल्या. विनुताला पत्रात सगळं लिहिलं. फक्त नळाचं तेवढं लिहिलं नाही, तिला त्यात काय कळणार.

९ मे

दुपारी जरा विचका झाला. कॅमेरे लावून पाहुणे बसलेले, हरणं पाण्याजवळ आलेली, आणि फाटकातून कामाक्षी पाटी शेळ्यांसकट आत! डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. हरणं उधळली. एक साहेब माझ्यावर ओरडले. मी धावत फाटकाशी गेलो. घोटभर तरी तण्णि द्या सामी, असं म्हणत ती पाणी मागत होती. मी म्हटलं, आत्ता नाही पाटी, संध्याकाळी या. ती सरि, बरं, म्हणाली. रागावलीही नाही. मागे वळून शेळ्यांना हाका मारत निघाली.

सांबशिवाबरोबर कळशी पाठवायचं मनात होतं. मग जेवणं, मग कुणाचा तरी पंखा बंद पडला, आणि राहून गेलं. संध्याकाळी ती आली नाही. उद्या नक्की पाठवतो.

१२ मे

पाठवली नाही.

आज सकाळी सांबशिव रानातून पळत आला. ती रानातल्या हौदाशी पडली होती. डोकं कठड्यावर, हात आत, कोरड्या तळाशी. शेळ्या भोवती उभ्या. पोलीस आले. ऊन लागून मृत्यू, असं लिहून घेतलं. मला विचारलं, ओळखत होता का? मी नाही म्हटलं. का म्हटलं? तिच्या हातचे ताडगोळे खाल्लेत मी.

सांबशिव तिथेच उभा होता. पोलीस गेल्यावर मी त्याला म्हटलं, व्हॉल्व्हचं कुणाला सांगू नकोस, तुझीही नोकरी आहे. हे बोलताना मला माझीच किळस आली, तरी बोललोच.

नळ उघडला. आता उघडून काय उपयोग.

१५ मे

हरणं येतात, पण पीत नाहीत. हौदापासून दूर उभी राहतात, फाटकाकडे बघत. आज दुपारी हौद कोरडा पडला. गळती कुठेच नाही. भोवतालची वाळूही ओली नव्हती. पाहुण्यांच्या खोल्यांतले माठ रिकामे, सीलबंद बाटल्यासुद्धा रिकाम्या. नोकर पाणी चोरतात असं ते म्हणाले. मी माफी मागितली.

फाटकाबाहेर दोन घागरी ठेवलेल्या आहेत. कुणाच्या, ते मी कुणाला विचारलं नाही.

१६ मे

पाहुणे गेले. सांबशिवही गेला. जाताना एवढंच म्हणाला की तिला हाक मारून माफी मागा. मी त्याच्यावर ओरडलो.

मी सारखा पाणी पितोय. पोटाला तडस लागेपर्यंत. जीभ मात्र लाकडासारखी.

१७ मे

ती आली. भर दुपारी, लख्ख उन्हात. फाटकाशी बसली. भ्रम म्हणू? पदराची ठिगळंसुद्धा दिसत होती.

तांब्या भरून घेऊन गेलो. पाटी, घ्या, म्हटलं. तिने मान हलवली. संध्याकाळ कुठे झालीय सामी, असं म्हणाली. अगदी हळू, पूर्वीसारखंच. मी तांब्यात पाहिलं. कोरडा ठणठणीत.

माफी मागायची होती. तोंड उघडलं, आवाजच नाही. की मीच काढला नाही? खरं तेच लिहितो, कुणी वाचणार नाही. मला लाज वाटली. मेलेल्या बाईसमोरसुद्धा मला माझी अब्रू आठवली.

सूर्य बुडाला तेव्हा ती नव्हती.

१८ मे

आज फाटकाच्या आत. कडुलिंबाखाली. सबंध दुपार माझ्या खिडकीकडे —

रागावत का नाही ही? शिव्या दे, गळा धर. नुसती वाट बघते.

पळून जावं. पण बस संध्याकाळी, आणि वाट तिच्यावरूनच —

१९ मे

पायरीवर. पाठ माझ्या दाराला टेकून. श्वास ऐकू येतो, कोरडा, फळीच्या पलीकडून.

पोलिसांना खरं सांगेन. उद्या. उद्या नक्की.

२० मे

विनुता आली. कळवलं नाही, मला चकित करायचं म्हणून सकाळच्या बसने. पिशवीत पुरणपोळ्या. माझं तोंड बघून घाबरली. ओठ फुटलेत म्हणाली. इथून चल, आत्ता, असं मी म्हटलं. का, ते सांगता आलं नाही. तिला कळलं तर ती माझ्याकडे कशी बघेल — तेवढंच मनात. संध्याकाळच्या बसने जाऊ, असं ठरलं.

दुपार. दार लावून बसलोय. ती पोळ्या काढतेय, मी लिहितोय. हात थांबला तर ओरडेन.

बाहेरून हाक. तण्णि. विनुतालाही ऐकू गेली. उठू नको म्हटलं. तर मलाच बोलली — असं काय करतांत हो? पाणि मागणाऱ्याला कोण नको म्हणतं? केवढं ऊन ते!

तिने आणलेल्या सुरईतून तांब्या भरतेय. आता सांगायला हवं. एकच वाक्य. मी तिला परत पाठवलं, ती मेली. एवढंच.

उठ वरुणराव. उठ ना —

तिने कडी काढली. ऊन आत आलं. वा पाटी, उळ्ळे वा, ये, आत ये, असं विनुता म्हणतेय, किती गोड आवाजात — दोघींची पावलं —

विनुता तांब्या उलटा करून बघतेय. हसतेय. आत्ताच तर भरला होता म्हणतेय. मग सुरई. मग माठ. आता हसत नाही. गळ्याला हात लावलाय. मला विचारतेय, अहो, पाणि कुठं आहे, मला किती तहान ला—